युद्धात मुलांना गावी पाठवलं, जीव वाचले. पण ८० वर्षांनंतरही ती आठवण पाठ का सोडत नाही?

गावाला जायचं म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मे महिन्याची सुट्टी, एसटीची खिडकी, आजीचं अंगण आणि आंबे.

आता जरा वेगळं चित्र डोळ्यांसमोर आणा. तुम्ही सात वर्षांचे आहात. सकाळी आईने छोटी बॅग भरून दिली आहे. खांद्याला खोक्यातला गॅस मास्क लटकतोय. कोटाला तुमच्या नावाची चिठ्ठी बांधली आहे, पार्सलला बांधतात तशी. शाळेतल्या बाई हजेरी घेतात आणि सगळ्या वर्गाला रांगेने स्टेशनवर नेतात. गाडी कुठे चालली आहे हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्या आईलाही माहीत नाही.

१ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमध्ये लाखो मुलांच्या बाबतीत हे घडलं. ती मुलं आता नव्वदीच्या आसपास आहेत. हा प्रसंग स्वतःच्या तोंडून सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

मग हा विषय आज कशाला? कारण युक्रेनमध्ये आजही मुलांना आघाडीवरच्या गावांतून हलवलं जातंय. मुलांना युद्धापासून दूर पाठवायचं का, पाठवायचं तर कोणासोबत आणि कुठे, हे प्रश्न जिवंत आहेत. त्यांची उत्तरं शोधताना सगळ्यात मोठा पुरावा कोणाकडे असेल, तर तो लहानपणी असं पाठवलं गेलेल्या माणसांकडे.

नेमकं काय घडलं होतं?

ब्रिटिश सरकारच्या या मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन पाइड पायपर'. ही आपल्याला ठाऊक असलेली बासरीवाल्याची गोष्ट. मजा म्हणजे त्या गोष्टीत बासरीवाल्याच्या मागे गेलेली मुलं परत येत नाहीत. असं नाव सरकारने कसं काय निवडलं, याचं आश्चर्य आजही व्यक्त केलं जातं.

ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं ३ सप्टेंबर १९३९ रोजी. मुलांना हलवायला सुरुवात झाली त्याच्या दोन दिवस आधीच. पहिल्या तीन-चार दिवसांत सुमारे १५ लाख लोक शहरांतून बाहेर पडले. त्यात ८ लाखांहून अधिक शाळकरी मुलं होती. पाच वर्षांखालील मुलं आणि त्यांच्या आया मिळून ५ लाखांहून अधिक. शिवाय गरोदर स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि सोबत जाणारे सुमारे एक लाख शिक्षक व मदतनीस.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पाच वर्षांखालचं मूल आईसोबत गेलं. शाळकरी मूल मात्र शाळेसोबत गेलं, म्हणजे आईवडिलांशिवाय. सहा वर्षांचं असो की बारा वर्षांचं, नियम तोच. पुढे उद्भवलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ या एका रेषेत आहे.

सरकारने एवढा मोठा निर्णय का घेतला?

कारण भीती खरी होती. १९३७ मध्ये स्पेनमधलं गेर्निका हे गाव विमानातून बॉम्ब टाकून उद्ध्वस्त करण्यात आलं होतं. पुढचं युद्ध आकाशातून होणार आणि पहिल्या काही दिवसांतच लंडनमध्ये प्रचंड मनुष्यहानी होणार, असा लष्करी तज्ज्ञांचा अंदाज होता. विषारी वायूचीही धास्ती होती. म्हणून तर प्रत्येक मुलाच्या हातात गॅस मास्क दिला गेला.

१९३८ मध्ये सर जॉन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने देशाचे तीन भाग पाडले. जिथून लोक हलवायचे ती शहरं, जिथे पाठवायचे ते ग्रामीण भाग आणि जिथे काहीच करायचं नाही असे मधले भाग.

आईवडिलांवर सक्ती नव्हती. मूल पाठवायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. पण ग्रामीण भागात ज्यांच्या घरात जागा होती, त्यांना मूल ठेवून घेणं बंधनकारक होतं. त्यासाठी सरकार पैसे देई. एकच मूल ठेवलं तर आठवड्याला साडेदहा शिलिंग, जास्त असतील तर प्रत्येकी साडेआठ शिलिंग.

रेल्वेच्या वेळापत्रकाच्या दृष्टीने पाहिलं तर ही मोहीम कमालीची यशस्वी ठरली. लाखो मुलं काही दिवसांत सुखरूप पोहोचली. घोळ झाला तो गाडीतून उतरल्यानंतर.

गावात पोहोचल्यावर काय झालं?

मुलांना गावातल्या सभागृहात किंवा शाळेत नेऊन उभं केलं जाई. गावकरी येत, मुलांकडे पाहत आणि आपल्याला हवं ते मूल निवडून घेऊन जात. शेतकऱ्याला कामाला हात लावेल असा धट्टाकट्टा मुलगा हवा असे. एखाद्या बाईला नीटनेटकी, शांत मुलगी हवी असे. भावंडं एकत्र ठेवायची म्हटलं की लोक मागे सरत. मळके कपडे घातलेली, रडणारी, आजारी दिसणारी मुलं शेवटपर्यंत उभी राहत.

मोठेपणी आठवणी सांगणाऱ्या असंख्य लोकांनी याच प्रसंगाचा उल्लेख केला आहे. बॉम्बचा नाही, विमानाचा नाही. 'मला शेवटपर्यंत कोणी निवडलं नाही' याचा.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. शाळेत कबड्डीचे संघ पाडताना शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा आठवून पाहा. इथे प्रश्न खेळाचा नव्हता. आज रात्री झोपायचं कुठे आणि उद्यापासून आपलं कोण, हा होता.

मुलांना घरच्या पत्त्याचं पोस्टकार्ड दिलेलं असे. नव्या घरी पोहोचल्यावर त्यावर आपला पत्ता लिहून टाकायचा. ते कार्ड घरी येईपर्यंत आपलं मूल देशाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे आईला कळत नसे.

शहर आणि खेडं पहिल्यांदाच समोरासमोर आले

लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोच्या गरीब वस्त्यांतली मुलं सुखवस्तू ग्रामीण घरांत जाऊन पोहोचली. यजमानांच्या तक्रारी सुरू झाल्या. मुलांच्या डोक्यात उवा आहेत, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, पायात धड बूट नाहीत, रात्री अंथरूण ओलं करतात. वर्तमानपत्रांतून आणि संसदेतूनही यावर चर्चा झाली.

अंथरूण ओलं होण्याला अनेकांनी 'वळण नाही' असं नाव दिलं. घरापासून तोडलेलं मूल भीतीने असं करू शकतं, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

पण या तक्रारींतून एक वेगळीच गोष्ट घडली. देशातली गरिबी किती खोल आहे, हे सुखवस्तू वर्गाला पहिल्यांदा आपल्याच स्वयंपाकघरात दिसलं. १९४३ मध्ये 'अवर टाउन्स' नावाचा अहवाल आला आणि शहरी गरिबीचं चित्र त्याने लोकांसमोर ठेवलं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये कल्याणकारी राज्य उभं राहिलं. त्यासाठी लोकमत तयार होण्यात या स्थलांतराचा वाटा मोठा होता, असं रिचर्ड टिटमस यांच्यासारख्या अभ्यासकाने १९५० मध्ये मांडलं. हा वाटा नेमका किती, यावर इतिहासकारांत पुढे वाद झाले. पण गरीब मुलांची अवस्था चर्चेत आली, हे कोणी नाकारत नाही.

मुलं परत का आली?

कारण बॉम्ब पडलेच नाहीत. पहिले काही महिने ब्रिटनवर मोठा हवाई हल्ला झाला नाही. आयांना मुलांची आठवण येत होती आणि मुलांची रडवेली पत्रं येत होती. जानेवारी १९४० पर्यंत जवळपास निम्मी मुलं घरी परतली होती. सरकारने त्याविरोधात पोस्टर काढलं. झाडाखाली बसलेली आई, समोर खेळणारी मुलं आणि आईच्या कानात 'यांना परत ने' असं कुजबुजणारा हिटलर.

मग ७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर सलग बॉम्बहल्ले सुरू झाले, ज्याला 'ब्लिट्झ' म्हणतात. मे १९४१ पर्यंत चाललेल्या या हल्ल्यांत ४० हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. मुलांना पुन्हा गावी पाठवण्यात आलं. १९४४ मध्ये जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब पडू लागले, तेव्हा तिसऱ्यांदा. म्हणजे एकाच मुलाने दोन-तीनदा घर सोडलं, दोन-तीनदा परत आलं, असंही घडलं.

काही मुलांना तर समुद्रापार पाठवलं जात होतं. 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज सरकारी योजनेतल्या ९० मुलांना घेऊन कॅनडाकडे निघालं होतं. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. ९० पैकी ७७ मुलं गेली.

या जहाजावर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्यापैकीही अनेकांचा मृत्यू झाला. एक जीवरक्षक होडी आठ दिवस अटलांटिकमध्ये भरकटत राहिली. तिच्यात सहा मुलगे होते आणि बाकीच्यांत बहुसंख्य भारतीय खलाशी. ती सापडली तेव्हा सहाही मुलगे जिवंत होते. या दुर्घटनेनंतर मुलांना समुद्रापार पाठवण्याची सरकारी योजना बंद झाली.

तज्ज्ञांनी तेव्हाच इशारा दिला होता

डिसेंबर १९३९ मध्येच जॉन बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या तीन डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ला पत्र लिहिलं. लहान मुलांना आईपासून दीर्घकाळ तोडण्याचे मानसिक परिणाम गंभीर असू शकतात, असा त्याचा आशय होता.

तिकडे लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम युद्धकाळात हॅम्पस्टेडला बालगृहं चालवत होत्या. त्यांचं निरीक्षण त्या काळात धक्कादायक होतं. आई जवळ असेल आणि ती शांत असेल, तर बॉम्बहल्ल्यातही लहान मूल बऱ्यापैकी सावरतं. पण आईपासून तुटलं, तर सुरक्षित जागीही ते कोलमडू शकतं.

बोल्बी यांनी पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये अहवाल लिहिला आणि 'अटॅचमेंट थिअरी' मांडली. मुलाचं आपल्या जवळच्या माणसाशी असलेलं नातं ही पोटभर जेवणाइतकीच मूलभूत गरज आहे, हा तिचा गाभा. आज बालसंगोपनावरच्या प्रत्येक रीलमध्ये हे ऐकू येतं. त्या विचारामागे बोल्बी यांनी युद्धाआधी आणि युद्धकाळात पाहिलेली, घरापासून तुटलेली मुलं होती.

मोठेपणी काय आठवतं?

आठवणी एकसारख्या नाहीत, आणि हीच त्यांची सगळ्यात महत्त्वाची बाब आहे.

काहींसाठी तो आयुष्यातला सगळ्यात सुंदर काळ होता. पहिल्यांदा गाय पाहिली, झाडावरचं सफरचंद तोडून खाल्लं, मोकळ्या रानात धावायला मिळालं. यजमान बाईला 'आंटी' म्हणायला लागलेली काही मुलं पुढे आयुष्यभर तिला पत्रं लिहीत राहिली.

काहींसाठी तो नरक होता. उपाशी ठेवणं, मारहाण, दिवसभर राबवून घेणं आणि लैंगिक अत्याचारसुद्धा. अभिनेते मायकेल केन यांनी स्वतःचा अनुभव जाहीरपणे सांगितला आहे. लहानपणी त्यांना एका घरी ठेवलं होतं आणि तिथे त्यांना जिन्याखालच्या कपाटात कोंडलं जाई. आईला कळलं तेव्हा ती येऊन त्यांना घेऊन गेली. पुढे नॉर्फकमध्ये आईसोबत ग्रामीण भागात घालवलेली वर्षं मात्र ते आनंदाने आठवतात. एकाच माणसाच्या एकाच बालपणात दोन्ही टोकं.

आणि या दोन टोकांच्या मधे खूप मोठी संख्या अशांची, ज्यांना कोणी छळलं नाही, पण कोणी जवळही घेतलं नाही.

मोठेपणी सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

पहिली, निरोपाचा क्षण. अनेक आयांनी मुलांना खरं सांगितलं नव्हतं. सहलीला चाललोय, लवकर परत येशील, असं म्हटलं होतं. आईने मुलाला त्रास होऊ नये म्हणून केलं, पण मुलाच्या मनात 'आईने फसवलं' किंवा 'मी नको होतो म्हणून पाठवलं' असं बसलं.

दुसरी, परत येणं. याबद्दल फार कमी बोललं जातं. पाच वर्षांचं मूल गेलं आणि दहाव्या वर्षी परत आलं, तर त्याची बोली बदललेली असते, सवयी बदललेल्या असतात. समोर उभी असलेली बाई आई आहे हे कळतं, पण तसं वाटत नाही. घरात मधल्या काळात जन्मलेलं भावंड असतं. वडील युद्धावरून परतलेले, अनोळखी. काही मुलं तर परत आल्यावर गावातल्या घरासाठी रडली. त्यांनी दोनदा घर गमावलं.

तिसरी, गप्प बसणं. युद्ध संपल्यावर ज्यांनी बॉम्ब झेलले, ज्यांची माणसं मारली गेली, त्यांच्यासमोर ही मुलं काय सांगणार? 'तुमचं काय, तुम्ही तर गावात मजेत होतात' या एका वाक्यापुढे त्यांचं दुःख लहान ठरत होतं. मग अनेकांनी ते कोणालाच सांगितलं नाही, अगदी स्वतःच्या नवराबायकोलाही.

ब्रिटनमध्ये अशा स्थलांतरितांची संघटना स्थापन व्हायला १९९६ साल उजाडलं. तेव्हा ही 'मुलं' साठीत होती. नोकरी संपलेली, मुलं मोठी झालेली, नातवंडं त्याच वयाची. नातवाला शाळेत सोडताना अचानक जाणवतं, की अरे, मी एवढासाच होतो.

मग गोष्टींच्या पुस्तकात हे गोड का दिसतं?

'नार्निया'ची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. त्यातली चार भावंडं कपाटातून जादूच्या जगात जातात. पण ती त्या मोठ्या घरात मुळात आली कशी? लंडनवरच्या हवाई हल्ल्यांमुळे त्यांना गावी पाठवलेलं असतं. लेखक सी. एस. लुइस यांच्या ऑक्सफर्डच्या घरी खरोखरच अशी मुलं राहायला आली होती.

पॅडिंग्टन हे अस्वल आठवतं? स्टेशनवर सुटकेस घेऊन बसलेलं, गळ्यात चिठ्ठी अडकवलेलं. युद्धकाळात स्टेशनवर पाहिलेली अशीच मुलं आपल्या डोक्यात होती, असं त्याचे लेखक मायकेल बाँड यांनी सांगितलं होतं.

म्हणजे जगभरच्या मुलांना आवडलेल्या दोन गोष्टींच्या मुळाशी हेच स्थलांतर आहे. पण गोष्टीत साहस उरलं, रडणं गेलं. समाजाची सामूहिक आठवण अशीच काम करते. देशाला अभिमान वाटेल तेवढं ती ठेवते. बाकीचं ज्याचं त्याने सांभाळायचं.

आठवणी आणि आकडे एकच गोष्ट सांगतात का?

पूर्णपणे नाही. इथे थोडं सावध राहायला हवं.

केंट परगण्यातल्या अशा लोकांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फार लहान वयात, म्हणजे चार ते सहा वर्षांचे असताना पाठवलं होतं, त्यांच्यात उतारवयात नैराश्य आणि चिंतेचा धोका जास्त आढळला. ज्या घरात ठेवलं तिथे वागणूक कशी मिळाली, याचाही परिणाम मोठा होता.

पण अशा अभ्यासांना मर्यादा असतात. प्रश्नावली भरायला पुढे कोण येतं? ज्यांच्या मनात काहीतरी साठलेलं आहे, ते जास्त. शिवाय ६० वर्षांनी सांगितलेली आठवण ही मधल्या आयुष्याच्या चाळणीतून आलेली असते.

म्हणून फिनलंडचं उदाहरण उपयोगी पडतं. १९३९ ते १९४५ या काळात फिनलंडने सुमारे ७० हजार मुलं, बहुतेक स्वीडनला, पाठवली. त्यांना तिथे 'युद्धमुलं' म्हणतात. कित्येक मुलं परत आली तेव्हा फिनिश भाषा विसरली होती, स्वतःच्या आईशी बोलता येत नव्हतं. हजारो मुलं तर परतलीच नाहीत, स्वीडनमध्येच राहिली.

फिनलंडकडे नागरिकांच्या नोंदी चांगल्या आहेत. संशोधकांनी एकाच घरातली दोन भावंडं घेतली, एक पाठवलेलं, एक घरी राहिलेलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण दोघांत एकूणात फारसं वेगळं नव्हतं. मात्र पाठवल्या गेलेल्या मुलींमध्ये नैराश्यासारख्या आजारांचा धोका जास्त दिसला. २०१८ मध्ये त्याच मालिकेतल्या पुढच्या अभ्यासात अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट आढळली. पाठवल्या गेलेल्या मुलींच्या पोटी जन्मलेल्या मुलींमध्येही हा धोका वाढलेला होता.

याचा अर्थ काय घ्यायचा? सरसकट सगळी मुलं आयुष्यातून उठली, असं नाही. बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, म्हातारी झाली. पण रुग्णालयात दाखल न होणं म्हणजे दुखावलं गेलं नाही, असंही नाही. आणि घरी राहिलेल्या भावंडानेही युद्ध सोसलंच होतं. तुलना सुखाशी नव्हती, दुसऱ्या प्रकारच्या दुःखाशी होती.

कोल्हापूरजवळचं वळिवडे वेगळं काय सांगतं?

या सगळ्या कथेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो.

१९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकलं. पुढे सुटका झाल्यावर त्यातले काही १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. त्यांच्यात बायका-मुलं आणि अनाथ मुलं खूप होती. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी इथे मुलांसाठी छावणी उभारली. आणि कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले.

ही ब्रिटनसारखी गोष्ट नव्हती. ही मुलं घर असताना पाठवलेली नव्हती, त्यांचं घर हिसकावलं गेलं होतं. त्यांनी उपासमार पाहिली होती, माणसं गमावली होती. तरीही वळिवड्यात राहिलेल्या अनेकांनी मोठेपणी त्या काळाबद्दल जिव्हाळ्याने सांगितलं आहे. २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभारला गेला, तेव्हा तिथे बालपण घालवलेली वृद्ध पोलिश मंडळी आवर्जून आली होती. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरचं स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे आणि जामसाहेबांच्या स्मारकाला अभिवादन केलं.

एवढं सोसूनही आठवण गोड का? कोल्हापूरकरांचा पाहुणचार हे एक कारण आहेच. पण आणखी एक कारण तितकंच महत्त्वाचं आहे. वळिवड्यात मुलं एकटी नव्हती. अनेकांच्या आया सोबत होत्या. पोलिश शाळा होती, पोलिश शिक्षक होते, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. भाषा, सण, प्रार्थना सगळं आपलं. देश परका होता, पण भोवतालची माणसं ओळखीची होती.

ब्रिटनमधल्या मुलाचं नेमकं उलट होतं. देश आपला, माणसं परकी.

आज काय चाललंय?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पहिल्या महिन्याभरातच देशातल्या ७५ लाख मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना घर सोडावं लागल्याचं युनिसेफने सांगितलं. १९३९ शी तुलना केली तर एक मोठा फरक दिसतो. बहुतेक मुलं आईसोबत बाहेर पडली. मार्च २०२३ मध्ये युक्रेन सरकारने आघाडीवरच्या भागांतून मुलांना सक्तीने हलवण्याची तरतूद केली, तेव्हाही मूल पालकासोबत जाईल अशीच रचना ठेवली.

तरीही काही आईबाप मुलांना तळघरात लपवतात, पोलिसांची पथकं दारोदार फिरून समजावतात. आपल्याला हा वेडेपणा वाटू शकतो. पण जायचं कुठे, खायचं काय, मूल आपल्यापासून तोडतील का, ही भीती ८० वर्षांपूर्वीच्या आयांचीच आहे.

याच युद्धात स्थलांतराचा दुसरा, भयंकर चेहराही दिसला. व्यापलेल्या भागातली मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी रशियाचे राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन आणि बालहक्क आयुक्त मारिया लव्होवा-बेलोव्हा यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. अशी १९ हजारांहून अधिक मुलं नेल्याचं युक्रेन सांगतं. रशियाचं म्हणणं आहे की मुलांना सुरक्षिततेसाठी हलवलं. 'सुरक्षिततेसाठी' हा शब्द किती ताणला जाऊ शकतो, हे यातून दिसतं.

म्हणूनच १९७७ मध्ये जिनिव्हा कराराला जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त मसुद्यात, कलम ७८ मध्ये, नियम घातले आहेत. दुसऱ्या देशाच्या मुलांना परदेशी हलवायचं तर ते तात्पुरतं हवं, आरोग्य किंवा सुरक्षिततेचं ठोस कारण हवं, पालकांची लेखी संमती हवी. प्रत्येक मुलाचं छायाचित्रासह ओळखपत्र बनवून रेडक्रॉसच्या शोधयंत्रणेकडे पाठवायला हवं. कोटाला बांधलेल्या त्या चिठ्ठीपासून इथपर्यंत यायला जगाला ३८ वर्षं लागली.

आपल्याकडेही मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत जम्मू-काश्मीरच्या सीमेलगतच्या गावांतून अनेक कुटुंबांनी मुलाबाळांसह सुरक्षित ठिकाणी आसरा घेतला. काही दिवसांनी ती परतली. मुलांच्या मनात त्या रात्रींचं काय उरलं, याची वेगळी विचारपूस सहसा होत नाही.

मग मुलांना पाठवणं चूक होतं का?

या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणं अन्यायाचं होईल. ब्रिटनमध्ये युद्धकाळात हवाई हल्ल्यांत साडेसात हजारांहून अधिक मुलं मारली गेली. मुलांना हलवलं नसतं तर हा आकडा वाढला असता, यात शंका नाही. ज्या आयांनी मुलाचा हात सोडला, त्यांच्यापुढे चांगला पर्याय नव्हताच.

चूक हलवण्यात नव्हती. चूक होती ती मुलाला सामान समजण्यात. गाड्या वेळेवर सुटल्या की काम झालं, असं मानण्यात.

त्या पिढीच्या आठवणींतून आज काही साध्या गोष्टी शिकता येतात. शक्य असेल तोवर आईवडिलांपैकी एक जण सोबत हवा. भावंडं तोडू नयेत. मुलाला खरं सांगावं, त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. ज्या घरात ठेवलं तिथे अधूनमधून कोणीतरी जाऊन मुलाशी एकट्याने बोलावं. आणि परत आल्यावर 'आता सगळं संपलं' असं न म्हणता, 'तिथे कसं होतं?' असं विचारावं.

या शेवटच्या प्रश्नाला पैसा लागत नाही, कायदा लागत नाही. तरी ब्रिटनमध्ये अनेकांना तो विचारला जायला ५० वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

तुमच्या घरातही एखादी आजी किंवा आजोबा असतील, ज्यांना लहानपणी कुठल्यातरी कारणाने कोणाकडे तरी ठेवलं होतं. दुष्काळ, दंगल, आजारपण, शिक्षण, काहीही. त्यांनी ते कधी सांगितलं नसेल, कारण कोणी विचारलं नसेल. आज विचारून पाहा.